बुडालेल्या गावाकडे तोंड करून

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी वसवलेल्या त्या पुनर्वसनाच्या गावात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा सगळ्यात आधी जाणवली ती तिथली शांतता. घरं रांगेत, रस्ते सरळ, नळ, दिव्यांचे खांब, समाजमंदिर, विहार, सगळं होतं. पण गावाला असतो तसा आवाज नव्हता. माणसं ओट्यांवर बसलेली असत आणि बसलेलीच असत. कुणीतरी येऊन ‘चला, आता घरी जाऊ’ म्हणेल, म्हणून थांबल्यासारखी.

पाणी फार लांब नव्हतं. बाभळी ओलांडल्या की समोर पसरलेलं दिसे. सकाळच्या धुक्यात पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. कधीकधी वाटे, आपणच उलटे झालो आहोत आणि पाण्यात पाहतोय ते आभाळ खरं. पण गावातलं कुणी त्या बाजूला जात नसे. त्या पाण्याखाली त्यांचं जुनं गाव होतं. अर्धी घरं ढिवरांची, पिढ्यान्‌पिढ्या वैनगंगेत मासे धरणाऱ्यांची. बाकीची बहुतेक बौद्ध कुटुंबं, धानाच्या बांध्यांमध्ये राबलेली. ख्रिस्ती मी एकटीच.

आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ. रक्तातला हा दोष आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला बहुधा काही होत नाही; दोघांकडून आला तर मूल दुखण्यानं पिळवटून निघतं. बोटातून एक थेंब रक्त घेतलं की पहिली तपासणी होते. तेवढा थेंब मिळवायचा, हे माझं काम होतं, आणि तो मला मिळत नव्हता.

मी सभा घेतल्या. चित्रांचे तक्ते दाखवले. भोंगा लावून ऑटो फिरवला. बाया ऐकून घेत, पदर सावरत उठून जात. एकीनं तेवढं खरं कारण सांगितलं, “सिस्टर, पोरीच्या रक्तात निघालं न, तर तिचं लगन कोन करन? तुमचं काय, तुम्ही सुई टोचून चालल्या जासाल.”

रोज निजताना मी प्रार्थना करत असे, “प्रभू, या लोकांना बुद्धी दे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ओटे, तीच माणसं.

त्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडे राहायला आले. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आई गेल्यापासून ते एकटेच होते, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. एक पेटी, एक पांघरूण आणि आईनं विणलेली लोकरीची टोपी एवढं घेऊन ते आरोग्य उपकेंद्रामागच्या माझ्या खोलीत आले. आयुष्यभर ते चर्चच्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे कारभारी, होते. कुणाकडे मयत असो की बारसं, बाबा तिथं असायचेच. पण व्यासपीठावर उभं राहून बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

आल्यावर दोन-तीन दिवसांतच मी त्यांच्यापुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. संध्याकाळची वेळ होती. दारावरून बकऱ्या परतत होत्या आणि त्यांच्यामागं काठी घेतलेला बकऱ्यावाला.

“किती सांगितलं यायले, बाबा. ऐकतच नाहीत.”

बाबा त्या बकऱ्यांकडे पाहत होते. मग हसले. “तू लहानपनी मले एक विचारलं होतं. रविवारच्या शाळेत मेंढपाळाचं चित्र होतं. मेंढपाळ पुढं, मेंढरं मागं. तू म्हने, बाबा, हे चित्र उलटं आहे. आपल्या इकडं तर गुराखी मागून चालते, काठी घेऊन.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काहीच नाही. मलेबी माहीत नव्हतं. तेव्हापासून विचारच करून राहिलो.”

एवढं बोलून ते ताट घेऊन उठले. त्यांचं ताट ते स्वतःच घासत.

आमच्या शेजारी एक म्हातारे काकाजी राहत. जातीनं ढिवर. तरुणपणी नदीचा वळसान्‌वळसा त्यांच्या पायाखालचा. आता त्यांची जाळी पडवीत खुंटीला टांगलेली आणि लाकडी होडी, डोंगा, घरामागं पालथा पडलेला. त्याच्या पाठीवर कोंबड्या बसत. घरात त्यांची नात होती, अठरा-एकोणीस वर्षांची, फिकट चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची. तिचे सांधे वरचेवर दुखत आणि मग ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी तिच्यासाठी कितीदा म्हटलं, एकदा तपासून घेऊ. काकाजी म्हणत, “वारं आहे ते. जाईन आपोआप.”

एका सकाळी जाग आली तर बाबांची खाट रिकामी. मी धावत बाहेर आले. धुकं इतकं दाट की समोरचा खांब दिसेना. हाका मारत बाभळींपर्यंत गेले, तेव्हा पाण्याच्या काठाशी एक टोपी दिसली. बाबा एका दगडावर बसले होते, हात मांडीवर, ओठ हलत होते.

“तुम्ही एकटे काहून आले, बाबा? पाय घसरला असता तर?”

“पाय नाही घसरला,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्याही. मला उपकेंद्र उघडायचं असे, रोज त्यांच्यामागं जाणं जमेना. मी काकाजींना म्हटलं, जरा लक्ष ठेवा. ते तडकून म्हणाले, “त्या पान्याचं तोंड पाहाचं नाही मले.” पण म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू, धुक्यात चाललेला, काकाजींना बसवेना. शिव्या देत, घोंगडी गुंडाळून ते मागं मागं जाऊ लागले. बाबांपासून बऱ्याच अंतरावर, पाण्याकडे पाठ करून, ते बाभळीच्या बुंध्याशी विडी ओढत बसायचे. बाबा उठले की तेही उठायचे. दोघं न बोलता परत यायचे.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एकदा काकाजींनी विचारलंच. हे मला बाबांनी नंतर सांगितलं, आणि काकाजींनीही त्यांच्या परीनं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक होता तो एवढाच, की आधी कोण हसलं.

“काय करता बाबूजी इथं रोज?”

“तुमच्या गावासाठी प्रार्थना करतो.”

“कोनत्या गावासाठी?”

“ते, पान्यातल्या. तिथं तुमची मानसं जन्मली, मेली. कुनी तरी आठवन काढली पायजे. पन डोळ्यानं दिसत नाही बराबर. अंदाजानं तोंड करून बसतो.”

काकाजींनी विडी विझवली. मग म्हणाले, “बाबूजी, तुम्ही भलतीकडं तोंड करून बसता. तिकडं तर नुसतं रान होतं. गाव त्या अंगाला होतं.”

आणि किती वर्षांनी कोण जाणे, काकाजी पाण्याकडे वळले आणि त्यांनी हात लांब करून दाखवलं. बाबांनी दगडावर बसल्याबसल्याच अंग फिरवलं. “असं?” “आनखी थोडं डावीकडं.” “असं?” “हं, आता बराबर.” आणि दोघं हसले.

त्या सकाळी ते उशिरा परतले. दोघांच्या चपला चिखलानं भरल्या होत्या आणि काकाजी बोलत होते. अखंड बोलत होते. कुणाचं घर कुठं, होळी कुठं पेटायची, कोणत्या घाटावर पोरं पोहायला शिकायची. ओट्यांवरची माणसं मान वळवून पाहत राहिली.

त्यानंतर काठावर आणखी दोघं-तिघं दिसू लागले. विहारात जाणारी एक आजी यायची, ती आपली वंदना म्हणायची. कुणी नुसतंच बसायचं. बाबा कुणाला बोलवत नव्हते आणि कुणाला काही शिकवतही नव्हते. आपल्या दगडावर बसून ते जुन्या गीतांची चाल गुणगुणत, शब्दांशिवाय. मी कधी गेले तर त्या धुक्यातून ती चाल ऐकू येई आणि पाणीच गुणगुणतंय असा भास व्हायचा. मी लहान होते, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून चर्चच्या बाकावर झोपत असे, तेव्हाची ती चाल. त्या काठावर मला कित्येकदा वाटलं की मी अजून तिथंच आहे, बाकावर, आणि हे गाव, ही नोकरी, हे पाणी मला झोपेत दिसतंय.

काकाजींनी डोंगा सरळ केला. फटींत चिंध्या भरून डांबर लावलं. कोंबड्यांना नवी जागा शोधावी लागली. मग ते बाबांना म्हणाले, “चला बाबूजी. दाखवतो तुमाले.”

बाबांना पोहता येत नव्हतं. पाण्याचं त्यांना आयुष्यभर भय होतं. नदीच्या पुलावरून जातानासुद्धा ते बसच्या आतल्या बाजूला बसत. पण ते उठले, टोपी नीट केली आणि डोंग्यात जाऊन बसले. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. त्यांच्यामागं मी चढले आणि माझ्यामागं नात, शाल पांघरून. तिला आजोबा नको म्हणत होते, तरी ती आलीच.

सूर्य उगवायचा होता. डोंगा धुक्यात शिरला आणि काठ नाहीसा झाला. वल्ह्याचा तेवढा आवाज, आणि मधूनच एखादा बगळा पांढऱ्यातून पांढऱ्यात जाताना दिसे. काकाजी हळू आवाजात सांगत होते, झोपलेल्या घरातून चालावं तसं.

“ही पांदन. इथून गाड्या यायच्या. इथं शाळा. हे आमच्या मोठ्या भावाचं घर. इथं पिंपळ होता, त्याचा शेंडा पहिल्या साली दिसत होता वरतं, मग तोही गेला.” मग वल्हं थांबलं. “हे माझं.”

डोंगा जागच्या जागी हलत राहिला. खाली काही दिसत नव्हतं, हिरवट काळोख फक्त. पण मला खाली अंगण दिसलं, खरंच दिसलं. सारवलेलं, आणि त्यावर आमच्या डोंग्याची सावली. नातीनं हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. ती पाळण्यातली असताना ते घर सुटलं होतं. “गार आहे,” ती म्हणाली.

बाबांनी कडेवरचा एक हात सोडला, टोपी काढली. “भाऊ, तुम्ही तुमच्या देवाले हात जोडा. मी माझ्या.” काकाजींनी वल्हं आडवं ठेवून हात जोडले. बाबा पुटपुटले त्यातलं मला एवढंच कळलं, की ज्यांचं घर गेलं त्यांना जिथं आहेत तिथं राहू दे. धुक्यात ऊन शिरलं आणि सगळं पाणी एकदम तांबूस झालं. काकाजी लहान मुलासारखे रडत होते, आणि परत फिरायची कुणालाच घाई नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी नात दुखण्यानं आडवी झाली. गुडघे, पाठ, हात. तिला हात लावू देववेना. थंडीनं आणि गार पाण्यानं सिकलसेलचं दुखणं उसळतं, हे मला माहीत होतं आणि डोंग्यात मला त्याची आठवणही झाली नव्हती. मी तिला उबेत ठेवलं, घोटघोट पाणी पाजलं, गोळ्या दिल्या. काकाजी दारात उभे होते.

“पान्यानं धरलं पोरीले,” ते म्हणाले. “बाबूजीच्या नादानं गेलो आमी तिथं.”

“काकाजी, पान्यानं नाही. रक्ताचं आहे हे. एकदा तपासू द्या.”

“अन् निघालं तर? एवढी पोर घरात ठेवू का जन्मभर?”

दुखणं काही दिवसांनी ओसरलं, पण काकाजी बाबांशी बोलेनासे झाले. डोंगा काठावरच पडून राहिला. बाबांनी एकदा त्यांच्या ओट्याशी जाऊन “भाऊ, चुकलं माझं” म्हटलं. काकाजी आत गेले. लेंतचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस सुरू झाले होते. बाबा एक वेळ जेवत आणि पहाटे काठावर जात, आता पुन्हा एकटेच. त्यांना पाहून माझा जीव तुटायचा. मी म्हटलं, “आता कायले जाता, बाबा?”

“गाव तर तिथंच आहे न वं,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा दिवस ठरला होता. समाजमंदिरात टेबल मांडलं, विहारातून खुर्च्या आणल्या. नेहमीप्रमाणे खुर्च्या रिकाम्या आणि माणसं समोरच्या कडुनिंबाखाली उभी. मधलं मोकळं मैदान उन्हात झळझळत होतं. मी नेहमीचं बोलायला उभी राहिले. मनात रोजची प्रार्थना सुरू झाली, यांना बुद्धी दे, आणि अर्ध्यावर थांबली. इतक्या दिवसांत मी माझं स्वतःचं रक्त कधी तपासलं नव्हतं. तशी गरजच कधी वाटली नव्हती. आणि त्याच आठवड्यात नागपूरहून माझ्यासाठी एक स्थळ येऊन गेलं होतं.

मी मनात म्हटलं, प्रभू, आधी मला पुढं जाऊ दे.

टेबल उचलून बाहेर उन्हात आणलं. सगळ्यांना दिसेल असा हात वर केला, बोट पुसलं, टोचलं. थेंब नळीतल्या औषधात सोडला आणि नळी रेघांच्या कागदापुढं धरली. औषध नितळ राहिलं तर मागच्या रेघा दिसतात. बाया एकेक करून जवळ आल्या होत्या.

“दिसून राहिल्या का रेघा?” एकीनं विचारलं.

रेघा हळूहळू पुसट झाल्या. मग दिसेनाशा झाल्या. मी नळी तशीच धरून उभी होते. आजूबाजूचे आवाज लांब गेले, जसं माझं डोकं पाण्याखाली गेलं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्यात आहे.”

“अगं माय,” तीच मघाची बाई म्हणाली. लगनाचं बोलली होती तीच. “आता तुमचं कसं वो, सिस्टर?”

“सांगीन त्या लोकायले. त्याचंबी रक्त तपासा म्हनीन. मी काही मरून नाही राहिली.” माझा आवाज कापत होता आणि तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा आले. त्यांनी खुर्ची चाचपली, बसले आणि बोट पुढं केलं. “माझीबी कर.”

त्यांच्या नळीतल्या रेघाही गेल्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या आधीही दिसत नव्हत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. माझा हात हातात घेतला. “म्हंजे माझ्याकडून आलं तुझ्यात,” ते म्हणाले. “नाक तुझ्या मायचं, अन् हे माझं.”

मी हसले आणि रडलेही. आणि त्या पाणावल्या डोळ्यांनी मैदानाकडे पाहिलं तर काकाजींची नात ऊन तुडवत येत होती. शाल नव्हती अंगावर. मागून काकाजींची हाक आली, “थांब वं!” ती थांबली नाही. येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सिस्टर, मले माहीत आहे काय निघन ते. पन नाव तर कळू द्या.”

काकाजी तिच्यामागं येऊन उभे राहिले. बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मग बाबांशेजारच्या खुर्चीत बसले आणि बाहीची गुंडी सोडू लागले, जणू बोटासाठी बाही वर करावीच लागते. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या दिवशी सगळं गाव आलं असं मी म्हणणार नाही. बरेच आले, काही घरी गेले, काही पुढच्या वेळी आले. प्रत्येकीला तिचा निकाल मी बाजूला घेऊन सांगितला. पुढच्या, पक्क्या तपासणीत नातीला आजारच निघाला, दोन्हीकडचा. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पावसाळा येईपर्यंत तिचं पडून राहणं पुष्कळ कमी झालं. मी नुसती वाहक निघाले. नागपूरच्या लोकांना मी सगळं कळवलं. ते विचार करून सांगतो म्हणाले, आणि अजून विचारच करत असावेत. सुरुवातीला वाईट वाटलं. मग एका सकाळी लक्षात आलं की कित्येक दिवसांत आपल्याला त्याची आठवण झालेली नाही.

बाबा आता माझ्याकडेच असतात. थकले आहेत. पाण्यावर आता इतरही डोंगे दिसतात, सकाळी मरळ आणि झिंगे घेऊन बाया दारावर येतात, आणि गावाला आवाज आला आहे, भांडणांचासुद्धा.

परवा मी शेजारच्या गावी तपासणीसाठी गेले, तेव्हा नात माझ्यासोबत आली. मी बोलावलं नव्हतं. ऑटोत आधीच येऊन बसली होती. तिथल्या अंगणवाडीत चटईवर बाया जमल्या, आणि मी तक्ता उघडायच्या आत ती उभी राहिली. स्वतःचं सांगू लागली. कुठं दुखायचं, कसं दुखायचं, रात्रीपेक्षा दुपार का जड जायची. दुपारचंच ऊन खिडकीतून येत होतं. मी मागं भिंतीला टेकून बसले आणि तिचा आवाज ऐकता ऐकता माझे डोळे मिटू लागले.

एका बाईनं काहीतरी विचारलं. नातीला ते येत नव्हतं. मला वाटलं, आता ती माझ्याकडे पाहील, म्हणून मी डोळे उघडले. पण ती त्या बाईसमोर चटईवर बसली होती. “मले माहीत नाही वो,” ती म्हणत होती, “विचारून सांगतो. पन तुमी आधी सांगा, तुमचं कुठं दुखते?”

ती बाई सांगू लागली. बाकीच्या जरा जरा सरकून तिच्याभोवती जवळ आल्या.